अठरा मिनिटं

हे मला केतेवानने सांगितलं,
शारजाच्या क्रू-इमारतीत, तळमजल्यावर,
ड्रायरमध्ये तिचे-माझे गणवेश एकत्र गरगरत असताना.
सांगायचं नव्हतं म्हणे. तरी सांगितलं.
ती कुताइसीची. तिच्या घरी गप्प बसणं
म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवणं.

कॅप्टन झ्वार्टहूड डच.
पहिल्याच फ्लाइटला तिच्या कॉफीला "वाईट" म्हणाला
आणि आणखी एक कप मागून घेतला.
ती दोन दिवस रुसली. मग कळलं,
त्याच्या गावी असं बोलणं हवेपाण्यावर बोलण्यासारखं,
त्यात कुणाचं काही जात नाही.

शेजारच्या खुर्चीत वोरावुत, चिआंग राईचा,
ज्याचं वाक्य "सर"शिवाय रुळावर येत नाही.
त्याच्याकडे एक शब्द आहे, क्रेंगचाय.
प्रशिक्षणातल्या बाई त्याचा अर्थ
फळ्यावर लिहीत राहिल्या, पुसत राहिल्या.
मला ऐकताक्षणी कळला.
भीड.
आमच्या घरी तीच आधी जेवायला बसायची.

त्या रात्री त्बिलिसीवर धुकं.
अकरा हजार फुटांवर विमान घिरट्या घालतंय,
खाली शहर आहे असं फक्त नकाशा म्हणतोय.
वोरावुत म्हणाला, "सर, आज धुकं फार सुंदर आहे."
कॅप्टन म्हणाला, "हो."
एक फेरी.
"सर, येरेवानचं आकाश मोकळं आहे म्हणतात."
"छान."
आणखी एक फेरी.

एकाने दोनदा ओरडून सांगितलं होतं.
दुसऱ्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.
आणि दोघंही, लक्षात घ्या, उत्तम वैमानिक.

मागे चेपकोएच ट्रॉलीला कडी घालत होती,
लिगाया एका म्हाताऱ्याला हातवाऱ्यांनी सांगत होती
की उशीर आहे, बाकी काही नाही.
केतेवान चहा घेऊन पुढे गेली.
वोरावुतचा आधीचा कप भरलेलाच, वर साय.
आणि तो हसत होता.

चार वर्षांत ती त्याची हसणी ओळखायला शिकली होती,
अंधारात किल्ल्या ओळखाव्यात तशी, दातांवरून.
हे हसू कुलपाचं होतं.

ती कॅप्टनला म्हणाली,
"त्याला 'बरोबर ना?' विचारू नका. तो हो म्हणेल.
त्याला काम द्या."

झ्वार्टहूडला राग आला नाही. ही त्याच्या जमेची बाजू.
क्षणभर थांबून तो म्हणाला,
"वोरावुत, मी चुकतोय असं धर.
कुठे, ते शोध. हुकूम आहे."

हुकूमच झाल्यावर
चूक दाखवणं हीच अदब.
"इंधन, सर." कधीचं पाठ असल्यासारखं आलं.
"अठरा मिनिटं. त्यानंतर येरेवानही गाठता येणार नाही."

भीड भिकेची बहीण, आमच्याकडे म्हणतात.
तिला आणखी एक बहीण आहे, धाकटी,
डोंगरात राहते.
तिचं नाव कुणी घेत नाही.

येरेवानला पहाट. बसमध्ये सगळे गारठलेले.
लिगायाने सुकवलेले आंबे वाटले.
केतेवानला सगळ्यांना कवटाळायचं होतं,
तिने हात खिशात ठेवले. हेही शिकलेलंच.
वोरावुतने मशीनमधली कॉफी चाखली,
आणि मान खाली घालून, अगदी हळू,
"वाईट आहे," म्हणाला.
मग राहवेना म्हणून, "सर."
झ्वार्टहूड इतका हसला
की ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

ड्रायर थांबला.
केतेवान बोलता बोलता माझा शर्ट
आपला समजून घडी घालू लागली.
मी पाहत राहिले.
मग म्हणाले, "घडी फार सुंदर घालतेस."

तिचे हात थांबले.
"तुझा आहे का?"